तुकडे पडायचा वेग

माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, एक वाक्य ठरलेलं होतं. ‘जुनं झालं ते, आता कोण खेळते?’ हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणत नसत. माझ्याशी ते बोलतच नसत. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोईवर पदर घ्यायचा आणि समोरासमोर एक शब्द बोलायचा नाही, अशी रीत आहे. त्यांनीही बोलायचं नसतं. म्हणून ते माझ्या जावेला सांगत, आणि मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी जाऊ ते मला पुन्हा सांगे.

‘सांग तिले, तो डबा भंगारात टाक म्हणा.’

‘डबा भंगारात टाक म्हणतेत,’ जाऊ म्हणे.

‘ऐकलं मी,’ मी जावेला म्हणे.

‘ऐकलं म्हणते,’ जाऊ त्यांना सांगे.

एकदा जाऊ माहेरी गेली होती, तेव्हा ते पाण्याच्या माठाशी बोलले. ‘माठा, लाइटचं बिल कोणाच्या डब्यानं वाढून राहिलं?’ मी चुलीला उत्तर दिलं. चूल काही पोचवणारी नव्हती, पण त्यांना ऐकू गेलं.

तो डबा म्हणजे एक व्हिडिओ गेम. माणसाच्या खांद्याएवढी लाकडी पेटी, तिच्यात टीव्हीसारखी काच, खाली एक दांडा आणि एक बटण. नागपुरात कोणाचं तरी खेळाचं दुकान बंद पडलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं तो विकत घेतला आणि ट्रकवर घालून इथं रायपूरजवळ, बीरगांवात आणला. मला विचारलं नव्हतं. घरात धड कपाट नाही आणि पुढच्या खोलीत हा उभा. पहिली दोन वर्षं मी त्याच्यावरची धूळसुद्धा पुसली नाही. मग नवरा काविळीनं गेला, आणि मला खायला घालणारं घरात जे एक उरलं ते हाच डबा. पुसावी लागली धूळ.

खेळ सांगायला सोपा आहे. वरून तुकडे पडतात. कोणी सरळ काडी, कोणी चौकोन, कोणी वाकडा. पडता पडता त्यांना फिरवायचं, बाजूला सरकवायचं आणि खाली असं बसवायचं की फट राहू नये. एक आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि वरचं सगळं एक घर खाली सरकतं. भरली नाही तर ढीग वाढतो. ढीग छताला लागला की डाव संपला, पैसे देऊन घेतलेलं टोकन गेलं. तुकडे हळूहळू जोरात पडायला लागतात, त्यामुळे कितीही चांगला खेळणारा असला तरी तो कधीतरी हरणारच. डब्यावर वरच्या बाजूला इंग्रजीत काही लिहिलेलं आहे. ते मला आजपर्यंत कोणी वाचून दाखवलं नाही आणि माझं त्यावाचून अडलंही नाही. मी चौथी शिकलेली. दारातून एकदा बघितलं आणि मला खेळ कळला. ओडिशाचे, बिहारचे, इथल्या गावांचे लोक येत. एकमेकांची भाषा त्यांना धड येत नसे, पण डब्यासमोर उभं राहिल्यावर कोणाला काही विचारावं लागत नसे. आमच्या घरात मात्र ‘मीठ कमी आहे’ हे सांगायलासुद्धा मधे एक माणूस लागे.

पुढची खोली रस्त्यावर होती. शेजारच्या उरला गावातल्या कारखान्यांची पहिली पाळी सुटली की माणसं त्या रस्त्यानं जात. बाई माणूस उघड्यावर बसून टोकन देते हे बरं दिसत नाही, म्हणून भासऱ्यांनी जावेमार्फत हुकूम पाठवला आणि कोपऱ्यात पडदा लागला. मी पडद्यामागं बसायची. फटीतून हात बाहेर काढायचा, टोकन द्यायचं. लोक मला ‘दीदी’ म्हणत आणि माझ्या हाताशी बोलत. मला ते बरंच होतं. मला माणसांकडे बघून बोलायला आजही जमत नाही. दुपारी, पाळी सुटायच्या आधी, मी दाराला कडी लावून स्वतः खेळायची. मी चांगली खेळते. हे इथं लिहिते, दुसरीकडे कुठं सांगणार?

पडद्यामागं बसून एक गोष्ट सहन होत नव्हती. शिव्या. भट्टीवर राबून आलेली माणसं, तोंडावर काळी धूळ, आणि हरले की डब्याची आई-बहीण काढायची. एकानं एकदा लाथ मारली. शिव्या डब्यालाच होत्या, पण पडद्यामागं मी होते आणि प्रत्येक शिवी त्या कापडावर येऊन आपटे. नवरा होता तेव्हा तो हसायचा. मला हसू येत नव्हतं. रात्री भाकरी थापताना ते शब्द आठवत.

म्हणून मी मिस्त्रीला बोलावलं. भनपुरीत ट्रकांचे टेप दुरुस्त करणारा हा माणूस. आमचा डबा तोच बघायचा, दुसऱ्या कोणाला त्यातलं कळत नव्हतं. त्यानं डब्याची पाठ उघडली. आत एक हिरवी पाटी, तिच्यावर दुधाच्या दातांसारखी आठ बारीक पांढरी बटणं ओळीनं बसवलेली.

‘ये तीन वेग के हैं,’ तो म्हणाला. ‘ऊपर करो तो तेज, नीचे करो तो धीरे. भैया ने बीच में रखवाया था.’

‘धीरे करो.’

‘कितना धीरे, दीदी?’

‘इतना कि कोई गाली ना दे.’

तो हसला. ‘गाली दिए बिना तो यहाँ आदमी रोटी नहीं तोड़ता.’ पण त्यानं तिन्ही बटणं खाली केली. जाताना डब्याच्या पाठीची चाबी त्यानं घरात खिळ्याला अडकवली. ती मी माझ्याजवळ ठेवायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या. मला वाटलं, एवढंसं काम होतं, कायले इतके दिवस सोसलं? तुकडे कापसासारखे खाली येत. फिरवायला वेळ, विचार करायला वेळ. माणसं एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं चणे खात. एक जण तर एका टोकनावर इतका वेळ उभा राहिला की मागचा चहा पिऊन आला, दाढी करून आला, तरी हा तिथंच. ओळी जात होत्या आणि तो जांभया देत होता. शेवटी तो हरला नाहीच. दांडा सोडून निघून गेला, आणि तुकडे एकटेच पडत पडत छताला लागले.

आठ दिवसांत बाक रिकामा झाला. बाक म्हणजे भिंतीला लावलेली फळी, पुढच्या डावाची वाट बघणारे तिथं बसत. रोलिंग मिलमध्ये काम करणारा एक उंच माणूस होता, सगळ्यांत घाण शिव्या देणारा. तो पडद्याजवळ येऊन, काय करून ठेवलं म्हणून इथल्या बोलीत विचारायला लागला, ‘का कर देव दीदी? नींद आवत हे.’ आणि तोही गेला.

त्या दुपारी मी स्वतः खेळून पाहिलं. खरंच झोप येत होती. आमच्याकडे जेवायला बसवलेल्या माणसाच्या ताटात तो नको नको म्हणत असताना पोळी टाकतात. मीही ताटं भरत सुटले होते. भूक उरलीच नाही तर जेवणार कोण? त्या खेळात दोन गोष्टी एका वेळी वाटाव्या लागतात. आता जमेल, आणि आता गेलं. मी दुसरी काढून टाकली, तर पहिलीला काही चव उरली नाही. मिस्त्रीला पुन्हा बोलवावं, बटणं होती तशी करावी, असं मनात होतं. पण मी दोन दिवस चालढकल केली. ‘माझी चूक झाली’ हे हिंदीत कसं म्हणायचं ते जुळवत बसले. तेवढ्यात भासऱ्यांनी रिकामा बाक पाहिला.

तेव्हा नुकतंच आमचं राज्य वेगळं झालेलं. रायपूर राजधानी झालं आणि भासऱ्यांची बदली मोठ्या कचेरीत झाली. राजधानी झाली तसे ते शर्ट आत खोचायला लागले. घरात बोलतानाही ‘शासन स्तरावर’ म्हणायचे. जावेचा धाकटा भाऊ गोंदियाहून येऊन आमच्याकडे राहिला होता. कम्प्युटरचा कोर्स केलेला, काम नाही. मराठी समजायचं, बोलायचा हिंदीत. पुढच्या खोलीवर त्याचा डोळा होता, आणि जावेचा त्याच्याआधीपासून.

संध्याकाळी कचेरीतून आले की भासरे पुढच्या खोलीच्या दारात उभे राहत. त्या दिवशीही राहिले. मी पडद्यामागं.

‘सांग तिले,’ ते जावेला म्हणाले, ‘बाकावर कावळासुद्धा नाही. जुनं झालं ते, आता कोण खेळते?’

‘जुनं झालं म्हणतेत.’

‘मी हळू केला होता, म्हणून लोक गेले. उद्या ठीक करते, सांगा,’ मी म्हणाले.

‘हिनं केलं म्हणते.’

‘हिनं?’ भासरे हसले. ‘चौथी पास बाई मशीन ठीक करून राहिली. वा! राजधानीत काय काय पाह्यले मिळते.’

जावेचा भाऊ मधे बोलला. ‘भाभी, ज़माना ग्राफ़िक्स का है. ये चौकोन-फौकोन कौन देखेगा? मैं कार रेस वाला ला रहा हूँ. स्टेअरिंग है, सीट है, असली गाड़ी जैसा.’

मग जावेमार्फत निकाल सांगितला गेला. दोन्ही डबे दसऱ्यापर्यंत एकाच खोलीत राहतील. दसऱ्याला ज्याच्या बाकावर माणसं दिसतील तो राहील. माझ्या बाकावर दिसली नाहीत तर खोली जावेच्या भावाकडे, डबा भंगारात आणि मी तुमसरला माझ्या भावाकडे. माझ्या भावाकडे दोन खोल्या होत्या आणि सहा माणसं. त्याची बायको मला दिवाळीला आठ दिवसांसाठीसुद्धा बोलवत नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तुमसरचं नाव निघालं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बटणं पुन्हा मधे केली. चाबी पुन्हा त्याच खिळ्यावर गेली. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच होतं.

मोटारीचा डबा आला. लाल रंगाचा, खुर्चीसकट. चालू केला की घरघर आवाजानं आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. पहिल्या दिवशी गल्ली लोटली. माझ्या डब्यासमोर कोणी नाही आणि त्या खुर्चीमागं दारापर्यंत रांग. जावेचा भाऊ पडदा-बिडदा न लावता ऐटीत बसला. जाऊ त्याला दर तासाला चहा नेऊन द्यायची. माझ्या अंगावरून जाताना कप उंच धरायची, जसा काही मी तो हिसकावणार होते.

मी फटीतून बघत होते. दुसरं काम नव्हतं. पहिले पंधरा दिवस माणसं ओरडत, वाकत, खुर्चीत उड्या मारत. मग एक बदल झाला. मागं उभे असलेले आधीच सांगायला लागले. ‘पुल के बाद बाएँ, ट्रक आएगा!’ आणि पुलानंतर ट्रक येई. दर वेळी तोच ट्रक, त्याच जागी. रस्ता त्यांना पाठ झाला. शाळेत आम्हाला पाढे म्हणायला लावायचे. पाठ होईपर्यंत भीती असायची, पाठ झाल्यावर तोंड आपोआप चालायचं आणि डोकं खिडकीबाहेर. तसं झालं. ज्यांना पाठ झाला ते जिंकून कंटाळले. ज्यांना झाला नाही ते म्हणायला लागले की मागून गाडी येऊन ठोकते, यात आपला काय दोष?

माझ्या डब्यात मागून कोणी येत नाही. पुढचा एकच तुकडा कोपऱ्यात दाखवतात. त्याच्या पुढचा कोणता हे डब्यालाच माहीत. पाठ करायला काही नाहीच. आणि ढीग जो वाढतो तो आपणच रचलेला असतो. कुठं फट ठेवली ते डोळ्यांसमोर दिसत राहतं. ती गाडली गेली तरी वरच्या ओळी नीट भरत गेलं की पुन्हा उघडी पडते, भरता येते. मला हे सर्वांत आवडतं. घरात मी ज्या चुका केल्या त्यातली एकही अशी पुन्हा उघडून मिळाली नाही. हरणंसुद्धा एकदम येत नाही, वरवर चढत येतं. माणूस शेवटच्या क्षणापर्यंत हात चालवत राहतो. हे चौकोन काल सुंदर नव्हते आणि आजही नाहीत. जे सुंदर नव्हतंच, ते जुनं कशानं होणार? लाल मोटार मात्र महिन्याभरात जुनी झाली. खुर्चीचं रेक्झीन फाटलं आणि त्यातून पिवळा स्पंज दिसायला लागला.

रोलिंग मिलवाला परत आला. टोकन घेतलं, हरला, आणि अशी शिवी दिली की जावेच्या भावाचा चहा सांडला. मी पडद्यामागं होते आणि मला ती शिवी गोड लागली. हे लिहायला लाज वाटते, पण लागली. त्याच्या मागून बाकीचे आले. बाक भरायला लागला.

मग पितृपक्ष आला. माझ्या नवऱ्याचं श्राद्ध होतं. त्या दिवशी डबे बंद. सकाळपासून मी आत खीर, कढी, वडे करत होते. श्राद्धाला भासरे बसले, मुलगा नाही म्हणून भाऊच बसतो. कावळ्याला घास ठेवला. कावळा लवकर शिवला. जाऊ म्हणाली, ‘समाधानानं गेला म्हणायचा.’ मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली, पहिला माणूस आला, मी हात बाहेर काढून टोकन दिलं. पडद्यामागं बसून मला डब्याचा आवाज पाठ झाला होता. तुकडा एक घर खाली आला की टक् होते. सुरुवातीला टक् आणि टक् मध्ये एक श्वास घेता येतो. त्या दिवशी पहिल्याच तुकड्याला टक्टक्टक् झालं. मी फटीला डोळा लावेपर्यंत डाव संपला होता.

तो माणूस थोडा वेळ काचेकडे बघत राहिला. दुसरं टोकन घेतलं. तेही तसंच गेलं. मी शिवीची वाट बघत होते. त्यानं शिवी दिली नाही. गमछा खांद्यावर टाकला आणि गेला. त्याच्यानंतर तिघं खेळले, तिघंही गप्प गेले. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘डब्बा बेईमान हो गया.’

शिव्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. स्वतःची चूक झाली की माणूस शिवी देतो, आणि सुधारायला पुन्हा येतो. आपल्याला फसवलं असं वाटलं की तो आवाज करत नाही. तो येतच नाही. डबा तोच, तुकडे तेच, काच तीच. फक्त विचार करायला जो एक श्वास मिळायचा तेवढा काढून घेतला होता. मी तो जास्त दिला तेव्हा खेळ मेला, आणि कोणीतरी तो हिरावला तेव्हाही मेला.

डब्याची पाठ बघितली. कुलूप लावलेलं. खिळ्यावर चाबी नव्हती.

सकाळी मी शेअर ऑटोनं भनपुरीला गेले. एकटी घराबाहेर पडायची माझी ती दुसरी की तिसरी वेळ. मिस्त्री एका ट्रकच्या केबिनमध्ये वाकून तारा जोडत होता. मला बघून त्यानं मान वर केली नाही, तिथंच मला कळलं.

‘किसने करवाया?’

‘दीदी, घर का मामला है. मुझे मत घसीटो.’

‘किसने?’

‘बड़े भैया ने बुलाया था. श्राद्ध के दिन. बोले, आपको मालूम है.’ मग हळूच म्हणाला, ‘मुझे लगा, आप लोग बात करके किए होंगे.’

बात करके! आमच्या घरात.

त्या संध्याकाळी भासरे नेहमीसारखे दारात आले. बाजूला जाऊ. जावेचा भाऊ त्याच्या खुर्चीजवळ, आणि दोन-तीन माणसं मोटारीवर. माझा बाक रिकामा. दसरा दहा दिवसांवर होता.

‘सांग तिले,’ ते म्हणाले, ‘बॅग भरून ठेव म्हणा. तुमसरची गाडी सकाळी असते.’

जावेनं तोंड उघडलं. मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. पदर डोईवर होता, तो मी नीट केला.

‘तिले कायले सांगता?’ मी म्हणाले. ‘मले सांगा. मी इथंच आहो.’

जाऊ म्हणाली, ‘अवो बाई, काय करून राहिली तू?’ भासरे जावेला म्हणाले, ‘हिले काय झालं?’

मी त्यांच्याकडेच बघत होते. लग्नानंतरच्या बारा वर्षांत मी त्यांचा चेहरा समोरून पाहिला नव्हता. नवऱ्यासारखंच नाक होतं.

‘तुमच्या भावाच्या श्राद्धाच्या दिवशी तुम्ही त्याच्या डब्याची पाठ उघडली,’ मी म्हणाले. ‘मी आत वडे तळून राहिली होती. तुम्ही ताटावर बसायच्या आधी उघडली का उठल्यावर, एवढंच सांगा.’

मोटारीवरच्या माणसानं स्टेअरिंग सोडलं. त्याची गाडी कुठंतरी धडकली. ‘का होगे?’ काय झालं म्हणून त्यानं शेजारच्याला विचारलं.

भासऱ्यांनी जावेकडे बघितलं. जावेनं माठाकडे.

‘उठल्यावर,’ ते म्हणाले.

मला म्हणाले. मधे कोणी नव्हतं. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम लाल झाला.

‘चाबी,’ मी म्हणाले आणि हात पुढे केला. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. शर्टाच्या खिशातून काढून बाकावर टाकली आणि आत गेले. जावेचा भाऊ म्हणाला, ‘भाभी, मुझे सच में नहीं पता था.’ मी म्हणाले, ‘मालूम करके क्या करते?’

बटणं मीच मधे केली. मिस्त्रीची गरज नव्हती, काडीपेटीतल्या काडीनं होतात. मग बाक भरायला आठ दिवस लागले. बेईमान ठरलेल्या वस्तूला एकदम कोणी माफ करत नाही. रोलिंग मिलवाल्यानं आधी नुसतं उभं राहून दुसऱ्याचा डाव बघितला, टक् ऐकलं, मग टोकन मागितलं.

दसऱ्याच्या दिवशी निकाल कोणी सांगितला नाही. गरज नव्हती. बाकावर पाच माणसं होती आणि लाल खुर्चीत आमची मांजर. जावेच्या भावानं मोटार समता कॉलनीतल्या एका दुकानाला दिली. टेम्पो यायच्या आधी त्यानं माझ्या डब्यावर तीन टोकन घालवली आणि तिन्ही वेळा शिव्या दिल्या. संध्याकाळी मी सोनं द्यायला आत गेले, आपट्याची पानं हातात. भासऱ्यांच्या पायाशी वाकले, तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पानं मी जमिनीवर ठेवली.

दोन दिवसांनी विटा आल्या. पुढची खोली आणि घर यांच्यामधल्या दारात गवंड्यानं एका दिवसात भिंत घातली. भिंत अर्धी झाली तेव्हा पलीकडून जावेनं माझी भांडी एकेक करून वरून दिली. तवा, दोन पातेली, माझं ताट.

‘हे कायले?’ मी विचारलं.

‘बोलती झाली ना तू,’ ती म्हणाली. ‘आता तिकडंच बोल.’

खोली माझी राहिली. घर राहिलं नाही. पाणी भरायला मी आता गल्लीला वळसा घालून सरकारी नळावर जाते. स्टोव्ह डब्याच्या बाजूला आहे. वांग्याला लसणाची फोडणी दिली की बाकावर बसलेल्यांच्या नाकात जाते आणि एखादा विचारतो, ‘दीदी, आज का रांधे हव?’

मी सांगत नाही. ज्याला टोकन पाहिजे त्यानं हात पुढे करावा.